सावळीचं फळ पिकेपर्यंत

मी, श्रीमती कमळा पंढरी तरे, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी टंकलेखन व हल्ली औषधं घेणं, राहणार मौजे खारबाव, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी बसून, माझ्याच मशीनवर, माझ्याच बोटांनी टाइप करून ठेवते ते असे की :

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. मृणाली केणे यांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. शरीराचं म्हणाल तर पोटात गाठ आहे आणि ती आता काढण्यासारखी राहिलेली नाही, हेही त्यांनीच मला समोर बसवून सांगितलं. दिवाळी बघाल, असं म्हणाल्या. त्यापुढचं विचारलं तेव्हा माझ्या हातावर हात ठेवला. म्हणून उशीर न करता लिहायला घेतलं आहे. या लिखाणासाठी कोणीही माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. करायला आले होते, पण त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

भिवंडीच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली. घर कोणाला, शेत कोणाला हे माणूस न अडखळता सांगतो, आणि एखाद्या पितळी हंड्यापाशी येऊन त्याला रडू फुटतं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. माझं तसं एका झाडापाशी होणार आहे. म्हणून आधी जे सोपं आहे ते उरकते.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी दाखवलं तर माझ्या मशीनचा 'क्ष' ओळीच्या किंचित वर उडतो, तेवढं तपासून घ्यावं.

१. राहतं घर, ओटीसह व पुढच्या अंगणासह, माझ्या दिवंगत दिरांचा मुलगा भावेश याला देते. भावेशचा कशेळीला गोदामांचा धंदा आहे. मुलगा वाईट नाही. माझ्या आजारपणात हातातलं काम टाकून मला ठाण्याला नेणारा तोच. पण कुठे मोकळी जागा दिसली की त्याला तिथे पत्र्याचं छप्पर दिसू लागतं, त्याला तो तरी काय करणार? ओटीवरचा झोपाळा काढू नये असं लिहिणार होते. मग वाटलं, घर देऊन वर झोपाळ्याचं बजावणं बरं नव्हे. त्याला काढायचा असेल तर त्याने काढावा.

२. माझ्या सोन्याच्या पाटल्या भावेशची मुलगी कु. पूर्वी हिला द्याव्यात. तिच्या लग्नाची वाट बघत बसू नये, मी गेल्यावर लगेच द्याव्यात. मोडून शिक्षणाला लावल्या तरी माझी हरकत नाही. बँकेत जे आहे त्यातून दवाखान्याचा व माझ्या दिवसकार्याचा खर्च भागवून, उरेल ते पुढे लिहिलेल्या झाडाच्या कामासाठी वापरावं.

३. माझे पती कै. पंढरी जानू तरे हे लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांची पान्यांची पेटी अजून पलंगाखाली आहे. शेजारच्या कारखान्यात अजून जुने लूम चालतात, तिथे ती द्यावी. पाने चांगले आहेत, नुसते ठेवून गंजतील. टाइपरायटर मात्र कोणाला द्यावा हे मला सुचत नाही. आता त्याचं कोणाला काही काम नाही. धम्मदिना म्हणून माझ्या ओळखीची मुलगी आहे, तिच्याविषयी पुढे येईल, तिला वाटलं तर तिने ठेवावा, नाहीतर भंगारात गेला तरी मला कळणार नाही.

४. आता झाड.

घरामागे आमची वाडी आहे. तिला लागून एका बाजूला गोदामाची भिंत आहे. वाडीत एक आंबा, दोन शेवगे आणि एक सावळी आहे. सावळी हे नाव आमच्या घरातलं. टेंभुर्णीच्या कुळातलं झाड, पण टेंभुर्णी नव्हे. साल काळी, पान जाड, फळ लहान लिंबाएवढं आणि पिवळं. मी लग्न होऊन आले तेव्हा सावळ्या दोन होत्या, एक दाराशी आणि एक वाडीत. वाडीतली फळायची. दाराशी होती ती नुसती फुलायची.

तरे घराण्यात मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत सावळीचं रोप द्यायची रीत होती. नव्या नवरीबरोबर माहेरची एखादी बाई पाठराखीण म्हणून जाते, ती चार दिवस राहून परत येते. आमच्याकडे या रोपालाही पाठराखीणच म्हणत, फक्त ते परत यायचं नसे. मुलीने ते सासरच्या दाराशी लावायचं. पुढे त्याची फांदी काढायची झाली तर माहेरच्याच माणसाने काढायची, सासरच्यांनी हात लावायचा नाही. माझी नणंद गोदू हिला अकलोलीला दिली, तेव्हा तिची पाठराखीण तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावून मीच मांडीवर धरून नेली होती.

मला मूल झालं नाही. दोष कोणात होता ते आम्ही तपासलं नाही. तपासलं असतं तरी माझ्यातच निघाला असता. माझ्या सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. आक्कांनी मला एका शब्दाने कधी टोचलं नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण मागाहून लोक काहीही बोलतात. त्यांनी माझ्यासाठी उपास केले, नवस केले, आणि शेवटी एका भगताला घरी आणलं. भगत अंगणात उभा राहिला, दाराशीच्या सावळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हिला फळ धरतं का?"

"न्हाय कधी," आक्का म्हणाल्या.

"मग दारात वांझ उभी हाय तोवर सुनेची कूस कशी उजवंल?"

झाड तोडलं. मुळासकट उकरून जाळलं, भगताने तसंच सांगितलं होतं. यजमानांची तेव्हा दिवसाची शिफ्ट होती. ते आले तोवर खड्डाही बुजवून झाला होता. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मला त्या दिवशी झाडाचं वाईट वाटलं नाही. मला मूल हवं होतं. घराचं छप्पर उतरवायला सांगितलं असतं तरी मी शिडी धरली असती.

मूल झालं नाही ते नाहीच. आणि वाडीतल्या सावळीलाही पुढच्या वर्षापासून फळ धरेना. फुलं यायची आणि गळून जायची. गावातले म्हणाले, तिने बहिणीचा धसका घेतला. आम्हीही तेच धरून चाललो. यजमान मात्र त्या झाडाला मरेपर्यंत पाणी घालत राहिले, भर पावसाळा सोडला तर एक दिवस चुकले नसतील.

ते गेले त्या वर्षी धम्मदिना भेटायला आली. धम्मदिना रवींद्र शेजवळ ही भिवंडीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचे वडील आमच्या कचेरीत बेलिफ होते, त्यामुळे मी तिला दोन वेण्या घालायची तेव्हापासून ओळखते. हात धुवायला म्हणून मागे गेली ती येईचना. घसरून पडली की काय म्हणून मी जाऊन पाहिलं, तर बाई सावळीच्या खोडाला हात लावून उभ्या. "काकू, हे काय आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "झाड आहे. तू शिकवतेस ना?"

तिने पानं नेली, फुलं नेली, पुण्याला दाखवली, कलकत्त्याला पाठवली. असं झाड कोणाच्या नोंदीत नव्हतं. पण नवी जात म्हणून नाव द्यायचं तर फळासकट नमुना लागतो, असं उत्तर आलं. फळ कुठून आणणार? तिने फांद्या लावून पाहिल्या, कलमं केली, एकही जगलं नाही. जगात अशी एकटी उरलेली झाडं पुष्कळ आहेत, असं ती सांगते. दक्षिण आफ्रिकेत सायकससारख्या एका जातीचं एकच झाड जंगलात सापडलं, तेही नर. शंभराच्या वर वर्षं झाली. त्याचे फुटवे मोठमोठ्या देशांच्या बागांत वाढतात, पण मादी कुठे सापडलेली नाही आणि लोक अजून शोधतात. हिंदी महासागरातल्या एका बेटावर एका झुडपाचं असंच एक रोप उरलं होतं. त्याला कुंपण घातलं, तर लोक कुंपण ओलांडून औषधासाठी फांद्या तोडून नेत. मी म्हटलं, म्हणजे माणसं तिकडेही आपल्यासारखीच.

उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरात बियांची तिजोरी आहे म्हणे, तिथे देशोदेशीचं बियाणं गोठवून ठेवतात. ते ऐकून मला धीर आला होता. पण सावळीचं बी ओलं असतानाच मातीत घालावं लागायचं, वाळलेलं बी कधी रुजलं नाही, हे मी आक्कांच्या हाताखाली पाहिलं होतं. तसं मी सांगितलं तेव्हा धम्मदिनाचा चेहरा उतरला. अशी बियाणी वाळवता येत नाहीत आणि गोठवताही येत नाहीत. त्यांना जमीनच लागते.

मग तिने विचारलं, तुमच्या घरातल्या मुली कुठे कुठे दिल्या? कशेळीला दिलेल्या आत्याबाईंच्या दारात आता ट्रक वळतात. दुसऱ्या एकीच्या घरावरून रस्ता गेला. राहिली गोदू. मी अकलोलीला पाय ठेवणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं. का, ते पुढच्या कलमात येईल. धम्मदिना एकटी गेली आणि एक डहाळी घेऊन आली, तीही वाऱ्याने खाली पडलेली. डहाळीवर फुलांचे घोस होते. आमच्या वाडीतल्या झाडाला फूल एकेकटं येतं. गोदूच्या मुलाने, सार्थकने, तिला सांगितलं होतं की झाड चांगलं उंच आहे पण फळ कधी धरलं नाही, आणि आईला सासरी सगळे हसायचे, माहेराहून वांझ झाड आणलंस म्हणून.

"काकू, हा नर आहे," धम्मदिना म्हणाली. "यांच्यात नराचं झाड वेगळं असतं आणि मादीचं वेगळं. नराला फळ येतच नाही. आणि तो नसला तर मादीलाही येत नाही."

मी विचारलं, "मग आमच्या दाराशी होता तो?" तिने नुसती ती डहाळी माझ्या मांडीवर ठेवली. त्या दिवशी मी फार रडले, यजमान गेले तेव्हा रडले त्यापेक्षा जास्त. आक्का असत्या तर त्यांना मी हे कळू दिलं नसतं.

५. माझ्या नणंदेविषयी.

झाड तोडलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोदू माहेरपणाला आली होती. अंगणात बुजवलेली माती बघून तिथेच उभी राहिली आणि शेजारीपाजारी ऐकत असताना मला म्हणाली, "तुजं न्हाय झालं ते न्हायच झालं कमळे, आता झाडबी घालवलंस." मी आत निघून गेले. त्यानंतर तिच्या घरच्या कुठल्याही कार्याला मी गेले नाही. यजमान एकटे जायचे आणि येताना तिने दिलेलं पापडाचं पुडकं आणायचे. मी ते पापड तळायची, वाढायची, पण खात नसे. गोदूला हे कळावं अशी माझी फार इच्छा होती. तिला कधी कळलं नाही.

या चैत्रात धम्मदिना हिरमुसून आली. अकलोलीचं झाड फुललं होतं, पण सार्थक फांदीला हात लावू देईना. "आईचं झाड हाय. माहेरच्या माणसानं यावं, मग पायजे तेवढी फुलं न्या," असं त्याने सांगितलं. रीतीने तो बरोबरच होता. आणि जाण्यासारखं माहेरचं माणूस म्हणून आता भावेश नाहीतर मी, एवढीच उरलो होतो. भावेश जाऊ शकत होता, पण तो म्हणाला, "काकी, झाडाला झाड भेटवायला मी जाऊ? लोक हसतील." मग मी गेले.

गोदू ओट्यावर बसली होती. हातापायांच्या काड्या झालेल्या. तिला आता काही आठवत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून तिचा चेहरा फुलला. "आक्का, आलीस?" म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. तिने माझा पदर हातात धरला आणि हळूच सांगू लागली, "आक्का, त्या कमळीला सांग गो, मी रागात बोलली. राग झाडाचा होता, तिचा न्हवता. ती येत न्हाय माझ्याकडं. सांगशील ना?"

मी म्हटलं, "सांगते."

मग सार्थकने शिडी लावली आणि मी खालच्या फांदीला हात लावून पहिला घोस काढला. ओल्या फडक्यात गुंडाळून फुलं जेवणाच्या डब्यात भरली. रिक्षावाला उत्तरेकडचा होता. "अम्मा, डब्बे में क्या है, इतना पकड़ के बैठी हो?" म्हणाला. मी म्हटलं, "नवरदेव आहे. गाडी धीरे चलाव." त्याने खरोखरच खड्डे चुकवत नेलं.

धम्मदिनाने आमच्या सावळीच्या फुलाफुलाला तो पराग ब्रशने लावला. वैशाखात फुलं गळली, पण सगळी गळली नाहीत. काही देठांशी हिरवे मणी राहिले. मी या घरात आले तेव्हाचं माझं वय आठवलं आणि मी त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसून राहिले. मी सुखी होते हे सांगायला लाज कशाची? आता ती फळं बोराएवढी झाली आहेत. वटवाघळांनी आणि खारींनी नेऊ नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी फाडून त्यांना पिशव्या बांधल्या आहेत.

गोदूविषयीचा माझा राग मी कोणालाही वारसाने देत नाही. तो माझ्या हयातीतच संपला असं समजावं.

६. वाडीविषयी.

सावळीचं फळ पिकायला थंडी लागते. मार्गशीर्षाआधी ते पिवळं होत नाही. मी तोवर नसेन. आणि भावेशने मागच्या भिंतीपलीकडच्या माणसाला तोंडी शब्द दिला आहे की दसऱ्यानंतर वाडी त्याला गोदाम वाढवायला मिळेल. जमीन माझ्या नावावर असताना त्याने हा शब्द कसा दिला ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकी, एका झाडापायी सगळं अडून राहतंय. आपण त्याचा मोठा फोटो काढू, फ्रेम करून ओटीवर लावू." मला हसू आलं. तो मात्र मनापासून बोलत होता.

तरी वाडी मी भावेशलाच देते, कारण घर एकाला आणि वाडी दुसऱ्याला दिली तर भांडणं माजतात, हे मी कचेरीसमोर बसून पाहिलं आहे. अट एकच. सावळीची सगळी फळं पिकून धम्मदिनाच्या हातात पडल्याशिवाय भावेशला वाडीचा ताबा घेता येणार नाही, झाडाची फांदी काढता येणार नाही, की वाडीत सिमेंटची गोणही उतरवता येणार नाही. अट मोडली तर वाडीवरचा त्याचा हक्क त्या क्षणी संपेल. फळं हाती आल्यावर त्याने झाड ठेवावं ही माझी विनंती आहे, हुकूम नाही. नराचं झाड अकलोलीला उभं आहे. रोपं होतील, दुसरीकडे लावता येतील. मी एवढ्यावर समाधान मानते.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धम्मदिना रवींद्र शेजवळ हिने करावी. तिला कोणी बाहेरची म्हणू नये. बाहेरची असती तर एवढ्या खेपा घातल्या नसत्या.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली दिलेल्या साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली आहे. साक्षीदारांना यात काहीही ठेवलेलं नाही, त्यांनी चहा तेवढा घेतला.

सही : कमळा पंढरी तरे
साक्षीदार : १. डॉ. मृणाली केणे, भिवंडी २. देवेश भोईर, मुद्रांक विक्रेता, भिवंडी
स्थळ : खारबाव
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

पुरवणी मृत्युपत्र

मी, वर नमूद केलेली कमळा पंढरी तरे, भिवंडीतल्या दवाखान्यात पलंगावरून ही पुरवणी सांगते आहे. इथे मशीन आणू देत नाहीत, म्हणून अक्षर देवेश भोईर यांचं आहे, शब्द माझे. बुद्धी अजून शाबूत आहे, डॉक्टर शेजारीच उभ्या आहेत. या पुरवणीने मी माझ्या मृत्युपत्रातलं कलम ६ पूर्णपणे रद्द करते. बाकीची कलमं कायम. रद्द का करते ते सांगणं भाग आहे.

गोदू पितृपक्षात गेली. मला इथे सलाईन लावलेलं होतं, जाता आलं नाही. सार्थकचा फोन आला.

"मामी, आईला त्रास न्हाय झाला. सगळं रीतीनं केलं. आपल्यात सरणाला घरच्या झाडाचं लाकूड लागतंच ना, मग आईचीच सावळी घातली, पुरी. दुसरं लाकूड आणलंच न्हाय. तिच्या हातचं झाड, तिच्यासंगंच गेलं. तुमाला बरं वाटंल म्हणून सांगतो."

मी म्हटलं, "माहेरच्या माणसाशिवाय हात लावायचा नसतो ना रे?"

"तुमी दवाखान्यात, कोणाला विचारू? आन् फुलं तर तुमी नेलीच होती, मामी. मला वाटलं, तुमचं काम झालं."

त्याला दोष कसा द्यायचा? आईच्या सरणाला त्याने घरातलं सगळ्यात चांगलं लाकूड दिलं. मी म्हटलं, "बरं केलंस हो, बाळा." फोन ठेवला आणि मग माझा जीव इतका तुटला की सिस्टरने धावत येऊन सुई तपासली. तिला वाटलं हात दुखतो.

बुंधा तरी राहिला असेल, त्याला फुटवे येतील, म्हणून धम्मदिना दुसऱ्याच दिवशी अकलोलीला धावली. दिवसकार्याच्या मांडवासाठी जागा सपाट करताना बुंधा जेसीबीने काढून टाकला होता. ती तिथून सरळ इथे आली आणि हे सांगून खुर्चीवर बसली. आता त्या जातीचं नराचं झाड आमच्या माहितीत कुठेही नाही. जो काही नर शिल्लक असेल तो खारबावच्या वाडीत, मच्छरदाणीच्या पिशव्यांतल्या हिरव्या फळांच्या आत आहे.

भावेश काल आला होता. त्याला सगळं कळलं होतं. पायाशी बसून माझे पाय चेपत होता. मला म्हणाला, "काकी, दसऱ्याचं मी त्या माणसाला पुढं ढकललंय. दिवाळीनंतर बघू म्हणालो." हे तो माझ्यावरच्या मायेने म्हणाला, मला कळतं. पण दिवाळीनंतर मी नसेन, आणि तोही धंद्यातला माणूस आहे. त्याच्या समोरच मी त्याला सांगितलं की वाडी तुझ्याकडून काढून घेते आहे. त्याने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "घे. पण घरात तुझा फोटो मी लावीन हा, त्याला न्हाय म्हणू नको." मी नाही म्हटलं नाही.

तर आता असं :

वाडी, झाडांसह, कोणतीही मुदत वा अट न ठेवता, धम्मदिना रवींद्र शेजवळ हिला देते. तिच्या पश्चात तिला ज्याची खात्री वाटेल त्याला तिने द्यावी. वाडीत जायला भावेशच्या अंगणातून वाट आहे. ती वाट त्याने कायम मोकळी ठेवावी.

फळं पिवळी झाली की देठाने सुटू द्यावीत, ओढू नयेत. बी त्याच दिवशी मातीत घालावं. नाव द्यायला नमुना लागतो म्हणतात, त्यासाठी एक फळ द्यावं, त्याहून जास्त कोणालाही देऊ नये, मग तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असो. नाव काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं. माझं देऊ नये.

रोपं एका जागी ठेवू नयेत. आमच्या घरात आता द्यायला मुली फारशा नाहीत. म्हणून कोणत्याही गावची, कोणत्याही जातीधर्माची मुलगी सासरी निघाली असेल आणि तिला दाराशी जागा असेल, तर तिला द्यावं. लग्न न करता नोकरीला दूर निघाली असेल तर तिलाही द्यावं.

एकही बी रुजलं नाही, तर धम्मदिनाने स्वतःला दोष देऊ नये. तिने सगळं केलं. मग त्या झाडाला पाणी घालत राहावं आणि त्याला त्याच्या मरणाने मरू द्यावं. मला अग्नी द्यायचा तो विजेवर द्यावा. घरच्या लाकडाचा ढलपाही माझ्यासाठी तोडू नये. रीत मोडली म्हणून कोणी बोललं तर मी सांगून गेले आहे असं म्हणावं.

रुजलेल्या रोपांत नर कोणता आणि मादी कोणती, हे ती फुलेपर्यंत कोणालाच कळणार नाही, आणि फुलायला पंधरा-वीस वर्षं लागतील. तेव्हा हे सांगणारं आमच्यापैकी कोणी जवळ असेलच असं नाही. म्हणून रोप हातात देतानाच घेणारीकडून एक शब्द घ्यावा, आणि तो दिला तरच रोप द्यावं : हे झाड मोठं होऊन फुललं आणि फळलं नाही, तरी त्याला कोणी तोडणार नाही.

सही : कमळा पंढरी तरे (सोबत डाव्या अंगठ्याचा ठसा)
साक्षीदार : १. डॉ. मृणाली केणे २. देवेश भोईर, ज्यांनी हे सांगितल्याप्रमाणे लिहून, वाचून दाखवलं
स्थळ : भिवंडी
दिनांक : २७ सप्टेंबर २०२५